हॅलोविनचा भोपळा मुलांबरोबर कसा कोरावा: नव्याने आलेल्या पालकांसाठी

अमेरिकेतला पहिला ऑक्टोबर लागला की शेजारच्या पायऱ्यांवर नारिंगी भोपळे येऊन बसतात, मूल शाळेतून "आपला कधी आणायचा?" असे विचारत घरी येते, आणि आजवर भोपळ्याची भाजी, भरीत आणि घारगे यांपलीकडे ज्यांचा त्याच्याशी संबंध आला नाही अशा आईवडिलांवर त्याला डोळे आणि दात काढण्याची वेळ येते. न्यू जर्सीत आलो त्या वर्षी आम्ही हे काम अगदी हौसेने केले आणि सगळे चुकीचे केले. हॅलोविनच्या दोन आठवडे आधीच भोपळा कोरला, घरातल्या सर्वांत मोठ्या सुरीने कोरला, आतला गर अर्धवट काढला, आणि झाकण सरळ उभे कापल्यामुळे ते पहिल्याच दिवशी आत पडले. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुले खाऊ मागायला दारावर आली तेव्हा कवळी काढून ठेवलेल्या आजोबांसारखे आमच्या भोपळ्याचे तोंड आत ओढले गेले होते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळी बुरशी धरली होती.

त्यानंतर दरवर्षी एक तरी भोपळा कोरला, आणि दरवर्षी हेच पटत गेले की चेहरा कोरणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. खरा वेळ त्याआधीच्या पोखरण्यात आणि खरवडण्यात जातो. मुलांच्या हाती निर्धास्तपणे सोपवता येते तेही नेमके हेच काम. म्हणून पुढच्या मजकुरात पोखरण्याविषयी अधिक आणि कोरण्याविषयी कमी सांगितले आहे.

मूळ प्रथा आयर्लंड आणि स्कॉटलंडची. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती धर्मातील सर्व संतांचा सण असतो, त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. त्या रात्री तिकडे सलगमाचे कंद पोखरून, त्यांना चेहरे कोरून आत दिवा ठेवत असत. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका कोरलेल्या सलगमाची प्रतिकृती ठेवलेली आहे. तिचे छायाचित्र मुलांना झोपण्याच्या वेळी दाखवू नये, ती कोणत्याही भोपळ्यापेक्षा भयानक दिसते. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले तेव्हा त्यांच्या हाती इथला भोपळा लागला, जो आकाराने मोठा आणि मुळातच आतून पोकळ. सलगम भरीव असतो. एका वर्षी हौस म्हणून आम्ही एक सलगम पोखरून पाहिला, आणि त्या लोकांनी भोपळा का उचलला हे मनगटाला कळले.

काय काय लागेल

– कोरण्याचा भोपळा एक. दोन मुले असतील तर दोन, कारण एका भोपळ्यात दोन मतांचा चेहरा मावत नाही.
– ऑक्टोबरमध्ये किराणा दुकानांत मिळणारा कोरण्याचा संच. त्यात बारीक दात्यांच्या दोन छोट्या करवती, एक टोचणी आणि एक चपटा चमचा असतो.
– धातूचा जाड, दणकट चमचा किंवा आइस्क्रीमचा डाव. संचातला प्लास्टिकचा चमचा बहुधा पहिल्याच भोपळ्यात मोडतो.
– पुसता येणारे मार्कर, चिकटपट्टी, थोडे गव्हाचे पीठ. पिठाचे काम पुढे येईल.
– जुनी वर्तमानपत्रे, दोन मोठी पातेली, एक चाळणी आणि कागदी रुमाल.
– बॅटरीवर चालणारे छोटे दिवे.
– दात कोरायच्या लाकडी काड्या म्हणजे टूथपिक, दुरुस्तीसाठी.

यादीत स्वयंपाकघरातली मोठी सुरी नाही आणि विळीही नाही. विळ्या-भोपळ्याचे सख्य आपल्याकडे म्हणीत प्रसिद्ध आहे, ते इथे आजमावण्याचे कारण नाही. लांब पात्याची सुरी जाड सालीत अडकते, आपण जोर लावतो, मग ती एकदम सुटते आणि समोर जे असेल त्यात शिरते. बहुतेक वेळा समोर आपलाच दुसरा हात असतो. संचातली करवत खेळण्यासारखी दिसते म्हणून तिला कमी लेखू नये. ती पुढे-मागे चालवली की कापते, जोराने खुपसून कापत नाही, आणि याच कारणाने ती बरी.

१. भोपळा निवडणे

दुकानात किंवा शेतावर दोन प्रकारचे भोपळे शेजारी शेजारी मांडलेले असतात. लहान, वजनदार आणि गोल असतो तो खाण्याचा. त्याचा गर जाड आणि गोड असतो, म्हणूनच तो पोखरताना जीव जातो. मोठा, तुलनेने हलका असतो तो कोरण्याचा. त्याची भिंत पातळ आणि गर पाणीदार, धाग्याधाग्यांचा असतो. हॉवडन ही जात या कामासाठी प्रसिद्ध आहे. मुलांसाठी दहा ते पंधरा पौंडांचा, म्हणजे साधारण पाच ते सात किलोंचा भोपळा पुरे. मूल सर्वांत मोठ्या भोपळ्याला मिठी मारून बसेल, पण तो गाडीपासून घरापर्यंत आणि पोखरताना मांडीवर आपल्यालाच सांभाळायचा असतो.

बूड सपाट आहे का, हे आधी जमिनीवर ठेवून पाहावे. देठ हिरवट आणि घट्ट असावा. साल सर्व बाजूंनी, विशेषतः खालून, अंगठ्याने दाबून पाहावी. एक जरी मऊ ठिपका लागला तरी तो भोपळा सोडून द्यावा, कारण कुजणे तिथूनच सुरू होते. देठाला धरून मात्र भोपळा उचलू नये. देठ मुठीसारखा दिसतो आणि प्रत्येक मूल त्यालाच धरते, पण तो तुटला की तिथे उघडी जखम राहते आणि दिवसांचा हिशेब चुकतो.

२. दिवस ठरवणे

न कोरलेला, धड सालीचा भोपळा थंड आणि कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतो. कोरलेला भोपळा तीन ते पाच दिवस टिकतो, हवा थंड असेल तर फार तर आठवडाभर. म्हणून विकत कधीही घ्यावा, पण कोरावा २८ किंवा २९ ऑक्टोबरला. शाळेतल्या इतरांचे भोपळे पंधरा दिवस आधीच तयार दिसतील आणि घरात कुरकूर होईल. तेवढे दिवस मुलांना सालीवर मार्करने हवे ते चेहरे काढू द्यावेत आणि पुसू द्यावेत. यातूनच शेवटी कोणता चेहरा हवा हे ठरते.

दिवाळी जवळ आली तर वेळापत्रक आणखी घट्ट होते. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे उटणे आणि अभ्यंगस्नान, संध्याकाळी भुताचा पोशाख, असा तो दिवस गेला, आणि चकलीच्या पिठाचे व भोपळ्याच्या बियांचे पातेले एकाच ओट्यावर आले. अशा वर्षी भोपळा २७ तारखेलाच उरकावा आणि फराळाच्या दिवसांत त्याला हात लावू नये.

३. जागा मांडणे आणि कामाची वाटणी

हे काम टेबलावर करू नये. टेबल मुलांच्या छातीशी येते, त्यांना वरून जोर मिळत नाही आणि भोपळा घसरतो. जमिनीवर वर्तमानपत्रांचे दोन थर पसरून त्यावर बसावे, म्हणजे भोपळा दोन पायांत धरता येतो. वर्तमानपत्र ओले झाले की वरचा थर भोपळ्याच्या कचऱ्यासकट गुंडाळून टाकता येतो.

वाटणी आधीच सांगून टाकावी, म्हणजे करवतीवरून भांडण होत नाही. आमच्या घरी चार वर्षांपर्यंतच्या मुलांकडे बिया वेचणे आणि लहान भोपळा रंगवणे असते. पाच ते आठ वर्षांची मुले गर काढतात, खरवडतात आणि टोचणीने ठिपके पाडतात. नऊच्या पुढची मुले, मोठे माणूस शेजारी बसलेले असताना, सोप्या रेषांवर करवत चालवतात. भोपळा उघडणे हे काम मात्र कोणत्याही वयाच्या मुलाचे नाही.

इथे एक घरगुती अडचण येऊ शकते. आमच्याकडे सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. मी करवत उचलली तशा त्या म्हणाल्या, "अगं, अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसानं पहिली सुरी लावू नये. त्याला बोलाव." ही समजूत बऱ्याच मराठी घरांत आहे. वाद घालण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा नवऱ्याला हाक मारली, त्याने बोटभर चीर दिली आणि परत आत गेला. उरलेले सगळे आम्ही बायकांनी आणि मुलांनी केले.

४. भोपळा उघडणे

चित्रांत भोपळ्याचे झाकण नेहमी वर, देठासकट कापलेले दिसते. ते दिसायला छान असते, पण वाळले की आक्रसते आणि आत पडते. भोक बुडाला किंवा पाठीमागे पाडावे, असे माझे मत आहे. बुडाला पाडले तर दिवा जमिनीवर ठेवून त्यावर भोपळा टोपलीसारखा पालथा ठेवता येतो. पाठीमागे पाडले तर बूड शाबूत राहते आणि दिवा आत सरकवता येतो. दोन्हींत देठ आणि माथा अखंड राहतो, त्यामुळे भोपळा अधिक दिवस आकार धरून राहतो.

मुलांनी हट्टच धरला आणि वरचे झाकण करायचे ठरले, तर करवत उभी न धरता तिरकी, टोक भोपळ्याच्या मध्याकडे झुकवून चालवावी. असे कापलेले झाकण बुचासारखे बसते. एका जागी छोटी त्रिकोणी खाच ठेवावी, म्हणजे झाकण पुन्हा कोणत्या दिशेने बसवायचे हे शोधत बसावे लागत नाही.

भोक आपला हात कोपरापर्यंत जाईल इतके मोठे असावे. मुलांच्या हातावरून माप घेतले तर पुढे आपली पंचाईत होते.

५. पोखरणे आणि खरवडणे

झाकण निघाले की थंडगार, कच्च्या काकडीसारखा वास येतो आणि आत केशरी धाग्यांचे जाळे दिसते, ज्याला बिया लोंबत असतात. पहिला हात घालताना बहुतेक मुले ओरडतात. आमच्या धाकट्याने सहाव्या वर्षी साफ नकार दिला होता. त्याला भांडी घासण्याचे रबरी मोजे दिले आणि दहा मिनिटांत त्याने ते स्वतःच काढून टाकले, कारण मोज्यांतून बिया निसटतात.

याचे दोन टप्पे आहेत आणि ते वेगळे ठेवावेत. पहिल्या टप्प्यात फक्त हाताने धागे आणि बिया ओढून काढायच्या. एका पातेल्यात बिया, दुसऱ्यात धागे, अशी सवय सुरुवातीलाच लावावी. नंतर चिकट गोळ्यातून बिया निवडणे कंटाळवाणे होते.

दुसरा टप्पा खरवडण्याचा, आणि नवखे लोक नेमका हाच टाळतात. धागे निघाले की आत स्वच्छ झाल्यासारखे वाटते, पण बोट फिरवून पाहिले तर भिंतीवर बुळबुळीत, तंतुमय थर लागतो. हा थर राहिला की बुरशीला खाद्य मिळते. धातूचा चमचा उभा धरून, भोपळा कुशीवर आडवा करून, वरून खाली ओढत जावे. सुरुवातीला ओले धागे निघतात, मग मऊ लगदा, मग किसासारखे कोरडे तुकडे. कोरडे तुकडे निघू लागले आणि चमच्याचा आवाज ओल्या फसफशीवरून खरखरीवर आला की त्या जागेचे काम झाले.

चेहरा ज्या बाजूला येणार ती भिंत आणखी खरवडून सुमारे एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर जाडीपर्यंत आणावी. त्याहून जाड राहिली तर करवत अडते आणि डोळ्यांच्या भोकांतून उजेडाऐवजी काळे बोगदे दिसतात. फार पातळ केली तर दात वाकतात. जाडी मोजण्यासाठी टाचणी बाहेरून टोचून पाहावी, किंवा अंधाऱ्या खोलीत नेऊन आत मोबाइलचा दिवा लावावा. पुरेशी पातळ झालेली भिंत मंद नारिंगी दिसते. हा दिवा लावण्याचा मान मुलांना द्यावा. खरवडण्याचा कंटाळा आलेले मूल एवढ्यासाठी आणखी पंधरा मिनिटे चमचा चालवते.

बाकीच्या बाजूंची भिंत जाडच ठेवावी, भोपळ्याचा भार तिच्यावर असतो. या सगळ्याला एका भोपळ्यामागे पाऊण तास ते एक तास धरावा. हात दुखले तर इथे थांबून चहा करावा. कोरण्याचे काम थकलेल्या हातांनी करू नये.

६. चित्र उतरवणे

साधा चेहरा थेट मार्करने काढता येतो. कागदावरचे चित्र उतरवायचे असेल तर कागदाच्या कडांना चिरा देऊन तो चिकटपट्टीने गोलाईवर बसवावा आणि रेषांवर टोचणीने जवळ जवळ ठिपके पाडावेत. कागद काढल्यावर ठिपके दिसेनासे होतात आणि मूल रडकुंडीला येते. तेव्हा बोटाने थोडे कोरडे पीठ सालीवर चोळावे. ते भोकांत बसते आणि रेषा रांगोळीच्या ठिपक्यांसारखी उमटते.

एक गोष्ट मुलांना चित्र काढतानाच समजवावी लागते: प्रत्येक कापलेला भाग खाली पडणार आहे. डोळ्यात बुबुळ हवे असेल तर त्याला कुठेतरी कडेला जोडून ठेवावे लागते. दोन भोकांमधली पट्टी निदान बोटभर रुंद असावी. मुलीने एका वर्षी भोपळ्यातून डोकावणारी, लेकीकडे निघालेली म्हातारी काढली होती. म्हातारीची काठी इतकी बारीक होती की ती तिसऱ्या मिनिटाला गेली, आणि म्हातारी तशीच बिनकाठीची दारात राहिली.

७. कोरणे

बारीक तपशील आधी आणि मोठी भोके नंतर, मध्यापासून बाहेरच्या दिशेने, हा क्रम ठेवावा. मोठे तोंड आधी कापले तर भिंत लवचिक होते आणि नाकाजवळ करवत चालवताना ती तुटते. करवत सालीला काटकोनात धरून, जोर न लावता, लहान लहान फेऱ्यांनी चालवावी. वळणावर करवत वळवू नये, तिचे पाते मोडते. ती काढून नव्या कोनात पुन्हा घालावी.

कोरत असताना कोणाचाही हात भोपळ्याच्या आत असता कामा नये. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे आणि मोठेच तो मोडतात, कारण आतून आधार दिला की बरे वाटते. कापलेला तुकडा करवत बाजूला ठेवल्यावर, आतून बाहेर बोटाने ढकलावा. अडला तर कोपऱ्यांत कापायचे राहिले आहे असे समजावे.

दात किंवा पट्टी तुटली तर टूथपिक अर्धी मोडून तुकड्यात खोचावी आणि उरलेले टोक भोपळ्यात घालून बसवावे. दोन फुटांवरून काही दिसत नाही.

८. दिवा

पणती लावण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. पण दारावर येणाऱ्या मुलांचे झगे, टोप्या आणि शेपट्या जमिनीलगत लोळत असतात, आणि वाकून आत पाहणे ही प्रत्येक मुलाची सवय असते. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनाही भोपळ्यात बॅटरीचेच दिवे वापरावेत असे सांगते. त्या दिव्यांतही एक सापळा आहे: पुष्कळ छोट्या दिव्यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते आणि ती लहान मुलाने गिळली तर जीवघेणी ठरते. ज्याचे बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते असाच दिवा घ्यावा. एका भोपळ्यात एकाऐवजी दोन दिवे ठेवले की चेहरा उजळ दिसतो.

पेटलेला भोपळा आणि दारावरचा चालू दिवा यांचा इथे अर्थ "या, आमच्याकडे खाऊ आहे" असा होतो. आम्हाला हे पहिल्या वर्षी माहीत नव्हते, आणि खाऊ नसलेल्या घरात सत्तावीस मुलांना मी बिस्किटे वाटली. खाऊ संपला की दोन्ही दिवे मालवावेत, मग कोणी घंटी वाजवत नाही. निळसर-हिरव्या रंगाने रंगवलेला भोपळा कुठे दिसला तर त्या घरी खाण्याऐवजी पेन्सिली, स्टिकर अशा वस्तूही मिळतात. अन्नाची अॅलर्जी असलेल्या मुलांसाठी ही प्रथा २०१२ मध्ये टेनेसीत सुरू झाली. आपल्या मुलाला शेंगदाण्याची किंवा काजूची अॅलर्जी असेल तर ही खूण लक्षात ठेवावी.

९. टिकवणे

कापलेल्या कडा कोरड्या पडून आक्रसतात. त्यांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात लावला तर एक-दोन दिवस अधिक मिळतात; मात्र ती पेट घेते, म्हणून खरी ज्योत लावणार असाल तर लावू नये. मलूल झालेला भोपळा थंड पाण्यात काही तास बुडवून ठेवला तर पुन्हा ताठ होतो. दिवसा उन्हातून काढून सावलीत ठेवावा आणि पारा गोठणबिंदूखाली जाणार असेल तर रात्री आत घ्यावा, कारण गोठून वितळलेला भोपळा लगदा होतो.

खारींवर खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. लाल तिखट शिंपडून पाहिले. पावसाने धुऊन गेले आणि खारीने दुसऱ्या दिवशी डावा डोळा मोठा करून दिला. रात्री भोपळा घरात घेणे एवढेच चालते.

१०. बिया आणि गर

बिया चाळणीत धुऊन, चमचाभर मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटे उकळाव्यात आणि फडक्यावर रात्रभर वाळवाव्यात. दुसऱ्या दिवशी तेल, मीठ, तिखट आणि चिमूटभर हिंग चोळून ३५० अंश फॅरनहाइटवर पंधरा ते वीस मिनिटे, मध्ये एकदा हलवून, भाजाव्यात. ओल्या बिया भाजल्या तर त्या चामट होतात. सालासकट खाता येतात.

गराबद्दल मात्र आशा ठेवू नये. कोरण्याच्या भोपळ्याचा गर बेचव आणि पाणीदार असतो. त्याचे घारगे करायला घेतले की कणीक भरतच राहावी लागते आणि शेवटी पुऱ्या तयार होतात. घारगे हवेच असतील तर त्याच दुकानातून बटरनट स्क्वॉश आणावा. तो आपल्या लाल भोपळ्याच्याच वंशातला आहे आणि गुळाशी त्याचे चांगले जमते. दारात दोन दिवस ठेवलेल्या, दिवा लावलेल्या भोपळ्याचा कोणताही भाग खाऊ नये.

११. नंतर

भोपळा मऊ पडू लागला की त्याच दिवशी उचलावा. आणखी दोन दिवस थांबलात तर तो फावड्याने उचलावा लागतो आणि पायरीवर डाग राहतो. दिवे, टूथपिक आणि मेण काढून घ्यावे. अनेक गावांत तो पालापाचोळ्याच्या कचऱ्यात घेतात. आपल्या गावाचा नियम आधी विचारून घ्यावा. परसात खतासाठी टाकायचा असेल तर आधी फोडून टाकावा आणि आत राहिलेल्या बिया वेचाव्यात. आम्ही त्या वेचल्या नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये कुंपणावरून वेल शेजाऱ्यांच्या हिरवळीत उतरला. त्याला एकही भोपळा धरला नाही, पण नरफुले इतकी आली की दोन वेळा भजी झाली आणि एक ताट शेजारी पाठवावे लागले.